तीनशे रुपयांचा मायक्रोस्कोप आणि पडद्यावर नसलेला पिवळा

दिवाळीत ऑनलाइन मागवलेला पॉकेट मायक्रोस्कोप पावसाळा लागला तरी टेबलावरच आहे, माळ्यावर गेलेला नाही. ३०० रुपयांच्या आतल्या वस्तूचं एवढं कौतुक पुरे. तरी सविस्तर लिहितोय, कारण बहुतेक जण मुंगी नि मीठ बघून तो ठेवून देतात. त्याची खरी गंमत मोबाइलच्या पडद्यावर आणि छापील कागदावर आहे.

आधी खोक्यावरच्या ‘६० एक्स’बद्दल. ताडून बघणं सोपं आहे. तो मोजपट्टीवर ठेवून एका डोळ्याने आत बघायचं आणि दुसऱ्याने २५ सेंटिमीटरवर धरलेली दुसरी पट्टी. आतला १ मिलिमीटर बाहेर साधारण अडीच सेंटिमीटर भरतो. म्हणजे पंचवीस पट. साठ ही शुद्ध थाप, पण पंचविसात पुष्कळ काम भागतं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दिसतात, रक्तातल्या विसरा.

आता मोबाइलवर पूर्ण पिवळं चित्र लावा, मायक्रोस्कोपचा दिवा बंद करा आणि बघा. पिवळं कुठेच नाही! लाल ठिपके, हिरवे ठिपके आणि निळ्यांच्या जागी काळोख. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. रंगासाठी डोळ्यात तीनच प्रकारचे संवेदक पुरतील असा अंदाज इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०२ मध्येच मांडला होता. भाताचं खारं पाणी उतू गेलं की गॅसची ज्योत पिवळी होते. तो मिठातल्या सोडियमचा, ५८९ नॅनोमीटरचा अस्सल पिवळा. त्याने लाल बाजूच्या आणि हिरव्या बाजूच्या, दोन्ही पेशी चाळवतात. लाल-हिरवे ठिपके शेजारी शेजारी पेटवले तरी त्याच दोन चाळवतात. मेंदूकडे जाणारा निरोप सारखाच, मग त्याने फरक करायचा कसा?

आणि ठिपके सुटे का दिसत नाहीत? निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढाच तपशील वेगळा करू शकतो. ३० सेंटिमीटरवर तो ०.०९ मिलिमीटर भरतो. इंचाला ४०० पिक्सेल (म्हणजे अशा रंगीत ठिपक्यांचे गट) असलेल्या पडद्याचा पिक्सेल ०.०६ मिलिमीटरचा. संपलं. माझ्या ओएलईडी (ठिपके स्वतःच उजळणारा पडदा) मोबाइलमध्ये हिरवे ठिपके लालच्या दुप्पट निघाले, तेव्हा आधी पडदा बिघडला असं वाटलं. पण ती रचना मुद्दाम केलेली असते: बारीक तपशील डोळा मुख्यतः उजेडाच्या फरकावरून टिपतो आणि त्या उजेडात हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा.

हाच हिशेब टीव्हीला लावला. ४३ इंची फुल एचडीचा पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा, तो पावणेदोन मीटरपलीकडून सुटा दिसत नाही. आमचा सोफा तीन मीटरवर. फोर-के घ्यायचा विषय घरात तिथेच मिटला.

वर्तमानपत्राचं गणित उलटं. तिथे पिवळी शाई खरोखर असते आणि हिरवा मात्र सापडत नाही, कारण आकाशी नि पिवळ्या ठिपक्यांतून तो जमवलेला असतो. पाचशेच्या नव्या नोटेवर ‘भारत’ आणि ‘India’ ही सूक्ष्म अक्षरं शोधणं हा पाहुण्यांसाठी हमखास खेळ.

तक्रारी आहेतच. चित्र उलटं दिसतं, त्यामुळे वस्तू डावीकडे सरकवली की ते उजवीकडे पळतं. सवय व्हायला वेळ लागतो. फोकसचं चाक आता ढिलं झालंय. बटण सेल लवकर उतरतात, पण पडदे बघायला दिवा लागतच नाही. सोबतची मोबाइलची क्लिप निव्वळ टाकाऊ, तीन कॅमेऱ्यांच्या फोनवर नीट बसतच नाही. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून बघावं, लांबचा-जवळचा नंबर फोकसमध्ये निभावतो. फोटोच काढायचे असतील तर थोडे जास्त पैसे घालून यूएसबीवाला घ्या.