दुनळीवरची नक्षी: इंग्रजी वेलबुट्टी की जर्मन उठाव?

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांतून दुनळी बंदूक निघाली, की आधी लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, बाजूच्या पट्टीवरून अंगठा फिरवावा. बोटाला जेमतेम खरखर लागली तर इंग्रजी धाटणी: बारीक गुंडाळलेल्या वेली, मध्ये गुलाबाचे गुच्छ. पानं, हरीण, रानडुक्कर बोटाला उंच लागले तर जर्मनीतल्या सुल शहराची धाटणी. तिथे भोवतालची जमीन खाली उतरवून तिच्यावर ठशांनी बारीक टिंबं पाडतात.

इंग्रजी नक्षी उथळ, म्हणून नाजूक. बफिंगच्या, म्हणजे चकाकी आणणाऱ्या, चाकाखाली काही मिनिटांत रेघा बुजतात. पुन्हा कोरायचं तर पोलादाची कडक झालेली कातडी आधी तापवून मऊ करावी लागते, आणि त्यात तिच्यावरचे निळे-तपकिरी रंग कायमचे जातात. झिजलेली बरी, नव्याने कोरलेली नको.

उठावाची नक्षी झीज सोसते, पण पावसाळ्यात खाचांतला मळ ओल धरतो. बिदरच्या बिदरी कामात खाच चांदीने भरते, इथे रिकामी. गंज तिथेच सुरू होतो. मऊ दातब्रश, थोडं बंदुकीचं तेल, वर सुती फडकं. चिंच-राख तांब्याच्या घागरीलाच ठेवा, वायर ब्रश तर नकोच.

वेलबुट्टीवरून मात्र मूळ ठरवू नका. बेल्जियमच्या लिएजमध्येही इंग्रजी नक्षीची हुबेहूब नक्कल व्हायची. नळ्या उतरवून खालचे चाचणीचे ठसे पाहा. लंबगोलात ‘ईएलजी’ ही रोमन अक्षरं दिसली, तर माल बहुधा लिएजचा; ती तिथल्या बंदूक-चाचणी केंद्राची खूण.