कारच्या एसीत त्याने भरला स्वयंपाकाचा गॅस

आम्ही तासगावचे. आईला दमा आहे, दर महिन्याला तपासणीसाठी मिरजेला न्यावं लागतं. रस्त्याची धूळ तिला अजिबात सोसत नाही, म्हणून गाडीच्या काचा बंद आणि एसी चालू ठेवावाच लागतो. एप्रिलच्या सुरुवातीला एसीतून गार वारा यायचा थांबला, तेव्हा सांगलीत रस्त्यालगतच्या एका एसीवाल्याकडे गाडी लावली.

त्याने बॉनेट उघडलं, पाइपावरच्या व्हॉल्व्हची पिन नखाने दाबली, फुस्स आवाज ऐकला आणि म्हणाला, "गॅस संपलाय साहेब. दीड हजारात मारून देतो." पंधरा मिनिटांत काम झालं. पाइपांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावला नाही, गॅस मोजायचा वजनकाटा तर तिथे नव्हताच. सिलिंडर गोणपाटात गुंडाळलेला, त्यावर ना लेबल ना नंबर. वारा गार आला, मी रोख पैसे दिले आणि बिल न घेता निघालो.

तीन आठवड्यांत पुन्हा तेच. आता म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय. नवा टाकावा लागेल, १६ हजार." घासाघीस करून १४ हजारांवर आणलं. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर मोबाइलच्या उजेडात त्याने चकचकीत चंदेरी कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबून फिरवणारा पंप, दाखवला. जुना मागितला, तर म्हणाला भंगारात गेला. बिलाला "उद्या देतो" म्हणाला.

मे महिन्यात आईला घेऊन निघालो होतो. बुधगाव मागे टाकलं आणि आई म्हणाली, "घरात गॅस उघडा राहिला का रे? वास येतोय." मलाही आला. अगदी शेगडीजवळ येतो तोच वास, आणि तो एसीच्या जाळीतून येत होता. एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या आणि आईच्या तोंडावर पदर धरून मिरज गाठलं.

दवाखान्यातल्या एकाने जुन्या एसी मेकॅनिककडे पाठवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वास घेताच ते म्हणाले, "गाडी बंद करा, ढकलत मोकळ्यावर न्या. आसपास कोणी बिडी पेटवू नका."

माझ्या गाडीला आर-१३४ए गॅस लागतो. त्याला असा वास नसतो आणि साध्या ठिणगीने तो पेटत नाही. त्या माणसाने एलपीजी भरला होता. एलपीजीनेही गारवा येतो, म्हणून गिऱ्हाइकाला कळत नाही. पण एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे असते, आणि माझी कॉइलच लीक होती. गळलेला गॅस सरळ केबिनमध्ये येत होता. एलपीजी हवेपेक्षा जड, पायाशी साचतो, आणि हवेत साधारण २ टक्के झाला तरी ठिणगीने भडकू शकतो. दम्याच्या माणसाला काचा बंद करून मी त्यात बसवत होतो.

मग चाचांनी कॉम्प्रेसरवर नख ओढलं. चंदेरी पापुद्रा निघाला, खाली तोच तेलकट काळा थर. बोल्टच्या खाचांत जुनी वाळलेली माती जशीच्या तशी, म्हणजे तिथे पाना लागलाच नव्हता. बेल्टच्या कडेवर स्प्रेचा चंदेरी फवारा उडालेला होता. मी तिथेच फोटो काढले.

कॉइल बदलली. मग आणखी कुठे लीक आहे का ते बघायला नायट्रोजन भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. (काही जण वेल्डिंगचा ऑक्सिजन भरून लीक शोधतात, ते कधीच करू देऊ नका. एसीतल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होऊ शकतो.) अर्धा तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून गेजचा काटा हलतो का ते बघितलं. शेवटी चष्मा आणि हातमोजे घालून, सिलिंडर काट्यावर ठेवून गॅस सोडला, कारण हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो आणि अंगावर उडाला तर कातडी गोठवतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४३० ग्रॅम लिहिलंय, तितकाच भरला. मी म्हटलं, थोडा जास्त टाका. ते म्हणाले, "जास्त भरला तर दाब वाढतो, कॉम्प्रेसर मरतो."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो तेवढाच. तीन आठवड्यांत उतरला तर कुठेतरी गळतंय, आणि ती गळती न शोधता गॅस भरणारा तुमचे पैसे हवेत सोडतोय.

फोटो घेऊन मी सांगलीच्या त्या माणसाकडे परत गेलो. "बिल दाखवा," एवढंच म्हणाला. ते माझ्याकडे नव्हतं. बेल्टचा फोटो पुढे केला आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच्यासमोर लावला, तेव्हा ६ हजार परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच. पण ते भरलेलं सिलिंडर गोणपाटासकट अजून तिथेच भिंतीला टेकून होतं, आणि एक गाडी बॉनेट उघडं टाकून त्याच्या शेजारी उभी होती. तिच्या मालकाला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याने किल्ली परत मागून घेतली.