फिरत्या तारांगणातला मंगळाचा खेळ : शाळेत बोलवावा का?

पाच मीटरचा फुगवायचा घुमट, आत पंचवीस-तीस पोरं, अर्ध्या तासाचा खेळ. विषय : मंगळाची हवा अवकाशात कशी निसटली. बुलढाणा-वाशीमकडच्या जिल्हा परिषद शाळांनी सातवीच्या पुढच्या वर्गांसाठी जरूर बोलवावा, पण त्यातली एक चूक गुरुजींनी आधी वर्गात दुरुस्त करून ठेवावी.

सगळ्यात जमलाय तो मुक्तिवेगाचा भाग. मंगळावरून सुटायला सेकंदाला ५ किमी वेग लागतो, पृथ्वीवरून ११.२. हायड्रोजन हलका, म्हणून जोरात पळतो. त्याच तापमानाला ऑक्सिजनच्या अणूचा वेग त्याच्या पाव. मग सोळापट जड ऑक्सिजन निसटला कसा? इथे खेळ अजिबात घाई करत नाही. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वरच्या थरात इलेक्ट्रॉन गमावलेले ऑक्सिजनचे रेणू तयार होतात. इलेक्ट्रॉन परत जुळला की रेणू फुटतो आणि अणू इतक्या जोरात फेकले जातात की मंगळाला ते धरवत नाहीत. पृथ्वीवर तेच अणू पुन्हा खाली येतात.

आर्गॉनचा भागही सुरेख. हा वायू कशाशी संयोग पावत नाही, त्यामुळे खडकांत मुरला असं म्हणायची सोय नाही. आर्गॉनचे अणू हलके-जड असतात, आकडा त्यांच्या वजनाचा. वरच्या थरात हलका आर्गॉन-३६ जास्त, म्हणून तोच जास्त जातो. जड ३८ मागे उरतो. निवेदक उपणणीचा दाखला देतो : भूस वाऱ्यावर दूर, दाणा पायाशी. मंगळाभोवती फिरलेल्या नासाच्या मावेन यानाच्या मोजणीवरून २०१७ मध्ये निघालं की मंगळाचा सुमारे ६५ टक्के आर्गॉन असाच गेला.

चूक शेवटी आहे. ‘चुंबकीय ढाल गेली म्हणून हवा गेली’, एवढ्यावर खेळ आटोपतो. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, तरी तिथला दाब पृथ्वीच्या नव्वदपट. पृथ्वीला क्षेत्र असूनही तिचा सेकंदाला तीनेक किलो हायड्रोजन जातोच. शनीच्या टायटनचा मुक्तिवेग जेमतेम २.६, पण थंडी उणे १७९ अंश, म्हणून त्याची हवा टिकली. वस्तुमान, तापमान आणि सूर्याचा मारा, तिन्ही सोबत पाहावे लागतात. मावेननंतर दोनच दिवसांनी, २४ सप्टेंबर २०१४ला पोहोचलेल्या आपल्या मंगळयानाचं नावही नाही, हे फार खटकतं. मंगळाच्या हायड्रोजनसाठीच त्यावर लायमन अल्फा फोटोमीटर, म्हणजे हायड्रोजनचा अतिनील प्रकाश मोजणारा मापक, होता.

व्यवस्थेचं म्हणाल तर ब्लोअर सतत चालू लागतो. लाइन गेली की घुमट हळूहळू बसतो. जनरेटर त्यांचा की शाळेचा, हे आधीच ठरवा. मैदानातले गोटे, धसकटं वेचून जाड ताडपत्री अंथरा. वारं असेल तर बाहेर लावूच नका. फेब्रुवारीनंतर आत फार कोंडतं, तेव्हा सकाळची शाळाच बरी. घुमट तीन मीटरच्या वर जातो. वर्गखोलीत लावायचा असेल तर छताचा पंखा आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.