वायफायचा पासवर्ड विसरला: काँप्युटरमधून काढायचा, राऊटरमधून, की सरळ रीसेट?

घरात नवीन मोबाईल आला, नाहीतर सुट्टीला पुण्याहून पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला. "वायफायचा पासवर्ड काय हाय ओ?" मग घरातले एकमेकांकडे बघत बसतात. पासवर्ड ज्याने टाकला तो पोरगा बेंगळुरूला नोकरीला, आणि केबलवाल्याने लिहून दिलेली चिठ्ठी कधीच रद्दीत गेलेली. कोपऱ्यातल्या काँप्युटरवर मात्र इंटरनेट सुरळीत चालू असतं. त्याला पासवर्ड माहीत आहे, आपल्याला नाही.

तो काढायच्या वाटा मुख्यतः चार: विंडोजच्या सेटिंग्जमधून, कमांड देऊन, राऊटरच्या पानावरून आणि शेवटी राऊटर रीसेट करून. आपल्याकडे लोक बहुतेकदा शेवटून सुरुवात करतात. राऊटर दिसतो, त्याच्या मागचं भोक दिसतं, कुणीतरी "टाचणी घाल आणि दाब" म्हणतं. ही वाट मी सगळ्यात खाली ठेवतो. आमच्या बेळगावकडे, म्हणजे शहापूर-वडगावात, निपाणीत किंवा खानापूरच्या खेड्यांत जिथे इंटरनेट गावातल्या केबलवाल्याच्या फायबरवर चालतं, तिथे तर फारच खाली. कारण पुढे येईलच.

आधी एक गोष्ट तपासा, नाहीतर तासभर उगाच खटपट होते. तुमचा काँप्युटर वायफायवर आहे की वायरवर? डेस्कटॉपला राऊटरमधून लॅनची केबल थेट आली असेल आणि तो वायफायवर कधीच नव्हता, तर त्याच्यात पासवर्ड नाहीच. वायरला पासवर्ड लागत नाही, मग साठवणार कुठून? टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह असेल तर वायफाय, छोट्या मॉनिटरचं असेल तर वायर. वायरवाल्यांनी सरळ राऊटरच्या भागाकडे यावं.

सेटिंग्ज की कमांड?

विंडोज ११ असेल तर सेटिंग्जची वाट खरंच सोपी आहे. सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग तुमच्या नेटवर्कच्या नावाच्या प्रॉपर्टीज. तिथे खाली सरकलात की 'व्ह्यू वायफाय सिक्युरिटी की' अशी ओळ आहे, शेजारच्या 'व्ह्यू' बटणावर टिचकी मारली की पासवर्ड समोर. आई-वडिलांना फोनवरून सांगायचं असेल तर मी हीच वाट सांगेन.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून आधार देणं थांबवलं, पण म्हणून कुणी घरचा चालता काँप्युटर फेकत नाही. त्यावर वाट थोडी वळणाची आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल असं इंग्रजीत लिहून एंटर मारा. वायफायवर राइट क्लिक, स्टेटस, वायरलेस प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि तिथे 'शो कॅरेक्टर्स'च्या चौकोनात खूण. विंडोज ७ लाही याच वळणाने जाता येतं. या खिडकीची मर्यादा एवढीच की आत्ता ज्या नेटवर्कला जोडलेले आहात त्याचाच पासवर्ड ती दाखवते. राऊटर बंद असेल, किंवा लॅपटॉप घेऊन तुम्ही दुसऱ्या गावी बसला असाल, तर काही उपयोग नाही.

कमांडची वाट दिसायला भीतीदायक आहे, पण माझं मत तिलाच. टास्कबारवर 'कमांड प्रॉम्प्ट' शोधा, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळी खिडकी उघडली की लिहायचं: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल्स. अर्थात इंग्रजी अक्षरांत. पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच असा सलग, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन. एंटर मारला की हा काँप्युटर आजवर ज्या ज्या वायफायला जोडला गेला आणि ज्याची आठवण त्याने ठेवली, त्या सगळ्यांची यादी येते. लग्नाच्या हॉलचं, मामाच्या घरचं, बंद केलेल्या जुन्या कनेक्शनचं, सगळं. आपलं नाव हेरून दुसरी कमांड: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल, मग नेम, बरोबरचं चिन्ह, अवतरणात नेटवर्कचं नाव, एक जागा सोडून की, बरोबरचं चिन्ह, क्लिअर. येणाऱ्या लांबलचक मजकुरात 'सिक्युरिटी सेटिंग्ज'च्या खाली 'की कंटेंट' अशी ओळ असते. तिच्यासमोर जे लिहिलंय तो पासवर्ड.

तिथे 'सिक्युरिटी की'समोर 'प्रेझेंट' असून 'की कंटेंट'ची ओळच नसेल, तर शेवटचा 'की बरोबर क्लिअर' हा तुकडा राहिला किंवा खिडकी ॲडमिन म्हणून उघडली नाही. 'ॲबसेंट' असेल तर त्या नावाने पासवर्ड साठवलेलाच नाही, शोधत बसू नका. नेटवर्कच्या नावात मोकळी जागा असेल आणि अवतरण चिन्हं विसरलात तर कमांड मधेच अडते, हे दुसरं.

या वाटेचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही, पण फोनवर पासवर्ड वाचून दाखवताना तो कळतो. सेटिंग्जच्या खिडकीतल्या अक्षरवळणात इंग्रजी कॅपिटल आय आणि स्मॉल एल जवळजवळ सारखे दिसतात, ओ आणि शून्यातही गल्लत होते. कमांडच्या काळ्या खिडकीतलं वळण वेगळं असतं; तिथे शून्याच्या पोटात रेघ किंवा ठिपका असतो, एल आणि आय वेगळे ओळखू येतात. केबलवाल्याने टाकलेला यादृच्छिक अक्षरांचा पासवर्ड असेल तर हा फरक मोठा. पोरानेच गाडीचा नंबर टाकला असेल, केए २२ आणि पुढचे चार आकडे, तर कुठल्याही खिडकीत चालतं. (असा पासवर्ड ठेवू नये, अंगणात उभी असलेली गाडी सगळी गल्ली रोज वाचते.)

आता डोंगल. आपल्याकडच्या बऱ्याच डेस्कटॉपना आत वायफाय नसतं, दुकानातून आणलेलं छोटं यूएसबी डोंगल लावलेलं असतं. विंडोज वायफायची नावं आणि पासवर्ड त्या त्या डोंगलच्या खात्यावर साठवते. म्हणून मागच्या वर्षी डोंगल बदललं असेल तर नव्या डोंगलवर यादी रिकामी दिसते, आणि डोंगल काढून ठेवलं असेल तर वायरलेस इंटरफेसच नाही असं उत्तर येतं. अशा वेळी ड्रॉवरमधलं जुनं डोंगल शोधून, जमल्यास त्याच पोर्टला लावून पुन्हा कमांड द्या. त्यात काही बिघाड नसेल तर जुनी नावं परत दिसतात. काँप्युटर दुकानात देऊन फॉरमॅट करून आणला असेल तर मात्र सगळं पुसलं गेलं. तिथे कमांडही काही करू शकत नाही.

कंपनीचा लॅपटॉप घरी आणून काम करणाऱ्यांना या दोन्ही वाटा बंद मिळू शकतात, कारण ॲडमिनचा अधिकार कंपनीकडे. त्यावर डोकं आपटू नका. घरातला एखादा अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन वायफायवर असेल तर त्याच्या वायफाय सेटिंगमधलं 'शेअर' दाबून क्यूआर मिळतो, बऱ्याच फोनवर त्याच्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो. आयफोनवर आयओएस १६ पासून नेटवर्कच्या माहितीत पासवर्ड थेट दिसतो.

मॅकवर 'पासवर्ड्स' किंवा जुन्या आवृत्तीत 'कीचेन ॲक्सेस' उघडून नेटवर्कचं नाव शोधायचं. उबंटूवर वायफाय सेटिंगमधल्या दातेरी चक्रावर टिचकी मारली की सिक्युरिटीच्या पानावर पासवर्ड असतो.

पासवर्ड दाखवणारी फुकटची सॉफ्टवेअरं मात्र घेऊ नका. जे काम विंडोज स्वतः करते त्यासाठी अनोळखी फाईल उतरवून ती ॲडमिन म्हणून चालवायची, हा व्यवहार मला पटत नाही. अँटीव्हायरसही अशा फाईलींवर ओरडतो, मग लोक अँटीव्हायरसच बंद करतात.

राऊटरच्या पानावरून

काँप्युटर वायरवर आहे, फॉरमॅट झालाय, किंवा घरात एकही उपकरण वायफायवर राहिलेलं नाही, तर ही वाट. त्याआधी राऊटरचा डबा उलटा करून खालचं लेबल वाचा. कंपनीने दिलेला पासवर्ड कधी बदलला नसेल तर तो तिथेच छापलेला असतो, आणि सगळं प्रकरण तिथेच संपतं. डबा माळ्याजवळ भिंतीला ठोकलेला असेल तर मान मोडून घेण्यापेक्षा मोबाईल खाली धरून फोटो काढा.

लेबलने काम झालं नाही तर वायरने जोडलेल्या काँप्युटरवर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी राऊटरचा पत्ता टाकायचा. बहुतेकदा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आकडे इंग्रजीत टाका. नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग लिहा, 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो येईल तो. आत गेल्यावर 'वायरलेस' आणि 'सिक्युरिटी' अशा नावांखाली पासवर्ड दिसतो किंवा निदान नवा टाकता येतो.

अडचण आत जाण्याची आहे. हे पान उघडायला वेगळा लॉगिन लागतो, वायफायच्या पासवर्डचा त्याच्याशी संबंध नाही. दुकानातून स्वतः घेतलेल्या राऊटरचा लॉगिन लेबलवर असतो किंवा पहिल्यांदा लावताना तुम्हीच ठेवलेला असतो. फायबरच्या डब्याचा लॉगिन मात्र अनेकदा केबलवाल्याने बदललेला असतो, म्हणजे सरळ त्याला फोन. जिओ आणि एअरटेलच्या घरगुती कनेक्शनवाल्यांना ही कसरत नको. त्यांच्या मोबाईल ॲपमधून वायफायचा पासवर्ड बदलता येतो.

नवा पासवर्ड टाकणं आणि जुना काढणं यात मी जुना काढण्याच्या बाजूने आहे. बदलला की टीव्ही, सीसीटीव्ही, प्रिंटर, सासूबाईंचा फोन, सगळ्यांत परत भरत बसावं लागतं, आणि सीसीटीव्हीचा कॅमेरा नेमका शिडीशिवाय पोहोचत नाही अशा जागी असतो. पासवर्ड गल्लीभर झाला असेल तर गोष्ट वेगळी, मग बदलाच.

रीसेट

आधी एक गैरसमज. हेस्कॉमची लाईट गेली म्हणून पासवर्ड जात नाही. राऊटर बंद करून चालू करणं म्हणजे रीसेट नव्हे. त्याने काहीच पुसलं जात नाही. रीसेट म्हणजे ते बारीक भोक टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरणं. काही राऊटरवर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय) आणि रीसेट एकाच बटणात असतात, थोडं दाबलं तर एक आणि जास्त वेळ दाबलं तर दुसरं. प्रिंटर जोडायला म्हणून डब्ल्यूपीएस दाबताना बोट लांबलं की राऊटर कोरा.

आणि कोरा म्हणजे किती कोरा, हे कळलं की हात आखडतो. वायफायच्या नावासोबत केबलवाल्याने त्यात भरलेला कनेक्शनचा यूजरनेम-पासवर्डही जातो. त्याला पीपीपीओई म्हणतात. तो तुमच्या वायफायचा पासवर्ड नव्हे, तुमच्या घरची जोडणी पलीकडे ओळखली जावी म्हणून असलेली वेगळी चावी. फायबरच्या डब्यात त्याशिवाय व्हीएलएएनसारखे जोडणीचे आकडे भरलेले असतात. मोठ्या कंपन्यांच्या काही डब्यांत ही माहिती रीसेटनंतर आपोआप परत येते. गावातल्या जोडणीवर त्या भरवशावर राहू नये. लेबलवरच्या पासवर्डने वायफाय लागतं, पंख्याचं चिन्हही येतं, पण इंटरनेट काही येत नाही. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात झाड पडून आधीच केबल तुटलेल्या असतात. तुमच्या रीसेटसाठी माणूस त्या कामातून कधी मोकळा होणार?

घरात दोन डबे असतील, केबलवाल्याचा फायबरचा आणि त्याच्यापुढे तुमचा स्वतःचा राऊटर, तर धोका कमी होऊ शकतो. तुमच्या राऊटरच्या पानावर 'वॅन' सेटिंगमध्ये 'डायनॅमिक आयपी' असेल तर जोडणीची चावी केबलवाल्याच्या डब्यात आहे. तुमचा राऊटर रीसेट केला तरी नाव आणि पासवर्ड नव्याने टाकून काम भागतं. 'पीपीपीओई' असेल तर चावी तुमच्याच राऊटरमध्ये आहे. मग केबलवाल्याला आधी फोन करून यूजरनेम-पासवर्ड लिहून घ्या आणि तो हातात आल्यावरच टाचणी उचला. त्याने "मी येऊन बघतो" म्हटलं तर तो येईपर्यंत थांबा.

कुणी आधीच रीसेट करून ठेवला असेल, तरी काँप्युटरमधली आठवण त्याने पुसली जात नाही. वर सांगितलेली कमांड जुन्या नेटवर्कचा पासवर्ड तेव्हाही दाखवते, कारण तो राऊटरमध्ये नाही, विंडोजमध्ये साठवलेला आहे. केबलवाला येऊन जोडणी सुरू करून देईल तेव्हा त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकायला सांगा. अक्षरं लहान-मोठी होती तशीच, मोकळी जागा होती तिथेच. टीव्हीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं आपोआप जोडलं जातं, शिडी लावावी लागत नाही.