न्यायाधीशच उर्मट वागले तर: बदली-अर्ज की तक्रार?

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत कौटुंबिक खटला चालू असला की प्रत्येक पेशीनंतर (सुनावणीनंतर) एकच गाऱ्हाणं ऐकू येतं: ‘साहेब बोलूच देत नाहीत, टोमणे मारतात.’ मग काय करायचं?

पहिली वाट, खटला दुसऱ्या न्यायालयात नेण्याची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली हा अर्ज उच्च न्यायालयात होतो. मुख्य पीठ असलेल्या जबलपूरला धावायला नको, खंडपीठ इंदूरलाच आहे. पण निकाल विरुद्ध गेला, एवढं कारण पुरत नाही. न्याय मिळणार नाही ही भीती रास्त वाटायला हवी. शिवाय नुसत्या अर्जाने पेशी थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

दुसरी, उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडे (प्रशासकीय प्रमुखाकडे) शपथपत्रासह तक्रार. कनिष्ठ न्यायालयांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण संविधानाच्या अनुच्छेद २३५ने दिलेलं आहे. चौकशी होईल तर न्यायाधीशांच्या वागणुकीची. तुमची पोटगी किंवा मुलांचा ताबा त्याने तसूभरही हलणार नाही. त्यासाठी कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४च्या कलम १९चं अपील, तेही ३० दिवसांत; फौजदारी प्रक्रियेखालच्या पोटगी-आदेशाला मात्र अपील नाही, पुनरीक्षण असतं.

खरी अडचण पुराव्याची. याच कायद्यानुसार एका पक्षाने मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड होते, वकीलही हक्काने मिळत नाही. साक्षीदार कोण? म्हणून त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, नेमके शब्द वहीत उतरवा आणि आदेशपत्राची (न्यायालयाच्या तारीखवार नोंदीची) नक्कल काढा. चोरून रेकॉर्डिंग मात्र नको, उलट अंगाशी येईल.

खटला अर्ध्यावर असेल तर मी आधी बदली-अर्जच करीन. नुसता राग असेल तर दोन्ही नको.