ठाण्यातला साल्सा सोशल: रविवारी जा, गुरुवारी झोप झाली असेल तरच

आधी निकाल सांगून टाकते. घोडबंदर रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा साल्सा-बचाटा सोशल असतो, म्हणजे या दोन लॅटिन नाचांचा, जोडीदार बदलत नाचायचा मेळावा. हॉल तोच, आयोजक तेच, डीजेही बहुतेक वेळा तोच. गुरुवारी रात्री ९ ते १२, रविवारी संध्याकाळी ५ ते ९. रविवारला माझ्याकडून साडेचार तारे, गुरुवारला अडीच. मधले दोन तारे झोपेने खाल्लेत.

मी ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. ड्यूटी फिरती, मॉर्निंग-इव्हनिंग-नाइट. त्यामुळे कधी मस्त झोप काढून नाचायला जाते, तर कधी नाइट करून, दुपारी बेल आणि कुकरच्या शिट्ट्यांमधून जमेल तेवढी डुलकी काढून. नाचते फॉलो म्हणून, म्हणजे समोरचा लीड करतो, इशारा देतो, आणि मी त्यावर चालते. आणि समोरच्याची झोप झालीये की नाही, हे फॉलोला पहिल्या आठ काउंटमध्येच हातातून कळतं.

हातातून म्हणजे कसं, तर लीड करणाऱ्याची बोटं नुसती आकडीसारखी हवीत, सैल, म्हणजे त्यांच्यात माझा हात फिरतो. माणूस दमला की अंगठा येऊन वर बसतो. गुरुवारी साडेदहानंतर ज्याच्या त्याच्या अंगठ्याखाली माझा हात. टर्न द्यायचा म्हणून दंड वर जातो, पण पकड सुटत नाही, मग माझं मनगट पिळवटतं. वाईट हेतूने कुणी करत नाही. तोल सावरायला माणूस जे हाताशी येईल ते धरतो आणि हाताशी नेमका माझा हात असतो. दुसरी खूण उजव्या हाताची. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली तो नुसता टेकलेला असावा. दमलेल्या माणसाचा तो हात जड होत जातो आणि दिशा दाखवायच्या ऐवजी माझ्यावर वजन टाकतो. फ्रेम, म्हणजे दोघांच्या हाता-खांद्यांची चौकट, गेली की मग उरलं काय, धरलेला हात आणि पाठ केलेल्या तीन मूव्ह. क्रॉस बॉडी, राइट टर्न, क्रॉस बॉडी. गाणं कितीही बदला.

साल्सात थकवा लपवायची सोयच नाही. मिनिटाला १८० ठोक्यांचं गाणं धरलं, तर एक ठोका सेकंदाचा तिसरा हिस्सा. झोप न झालेल्या माणसाचं लक्ष मधेच अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ गायब होतं, डोळे उघडे असले तरी. म्हणजे दीड ठोका गेला. लीड दीड ठोका उशिरा आला, की मी एकतर थांबून राहते नाहीतर अंदाजाने पुढे जाते, आणि दोन्हीत गोंधळच. बचाटा त्यामानाने दयाळू. १३० च्या आसपासच्या गाण्यात ठोक्याला जवळजवळ अर्धा सेकंद मिळतो, चौथ्यावर टॅप असतो, तिथे श्वास घेता येतो. म्हणून रात्र चढते तसा साल्साला फ्लोअर रिकामा आणि बचाटाला गच्च, हे दृश्य गुरुवारी हमखास.

एकटे लीड करणारेच दमतात असं मुळीच नाही हं. दमलेली फॉलो जास्त घाई करते. लोकांना वाटतं दमलं की माणूस संथ होतो. पण समोरच्याच्या इशाऱ्याची वाट बघायला डोकं जागं लागतं. ते नसेल तर पाय सवयीने पुढचं करून मोकळे होतात. नाइट करून गेले की माझं असंच होतं, त्याने हात उचलला रे उचलला की मी गिरकी घेऊन उभी, आणि त्या बिचाऱ्याला फक्त माझे केस हातातून सोडवायचे असतात. डबल स्पिन तर त्या दिवशी विसरायची. शरीर उभं ठेवायलाच जास्त खटपट लागते, नजर एका जागी रोखून मान झटकन फिरवणं जमत नाही, दीड गिरकीनंतर खांबाकडे बघत थांबायचं.

हॉलमध्ये दारू मिळत नाही, ही बाजू आयोजक अभिमानाने सांगतात आणि मलाही आवडते. पण सकाळी ६ ला उठलेला माणूस रात्री ११ ला सलग १७ तास जागा असतो. तेवढ्या जागरणाने होणारी चूकभूल साधारण रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी धरतात. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे गुरुवारी अकरा वाजता, लिंबू सरबतावर, निम्मा फ्लोअर टल्ली. तीन इंची हील घालून त्या गर्दीत उभं राहून बघा एकदा. टाचेखाली पाय येतो तो अशाच वेळी. दमलेला लीड मागे कोण आहे ते बघायचं सोडून देतो.

त्यात हॉलची भर. १० नंतर स्पीकरचा आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही, म्हणून खिडक्या बंद होतात. एसी स्प्लिट, तो आतलीच हवा फिरवतो. पन्नासेक माणसं धापा टाकतायत आणि ताजी हवा शून्य. अर्ध्या तासात जांभया सुरू. काउंटरवर यावर उपाय म्हणून कोल्ड कॉफी मिळते, १२० रुपयांना. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पहाटे तीनलाही अंगात असतं, आणि सकाळी ८ ला माझी ड्यूटी. नको. डीजेने त्यापेक्षा टँगोवाल्यांकडून एक गोष्ट उचलावी. त्यांच्याकडे तीन-चार गाण्यांचा टांडा असतो, मग मधे वेगळंच छोटं संगीत वाजतं आणि फ्लोअर रिकामा होतो. सगळेच बसतात, त्यामुळे बसलेल्याला कुणी ‘बरं नाही का’ विचारत नाही. आमच्याकडे गाणी एकाला एक जोडून, बसायला प्लास्टिकच्या मोजून सहा खुर्च्या, त्यांवर लॅपटॉपच्या बॅगा.

रविवारी हेच लोक ओळखू येत नाहीत. दुपारचं जेवण, वरण-भातानंतरची झोप, आंघोळ करून आलेली मंडळी. खिडक्या उघड्या, पंखे चालू, पाण्याचा जार भरलेला. गुरुवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आटपून धावतपळत येणारा एक उंच मुलगा आहे, त्याच्या अंगठ्याला मी घाबरून असते. रविवारी तोच माझ्यासमोर आला.

“ताई, एक साल्सा?”

“नाइट करून आलेय रे. हळू घेशील?”

“मग पुढचा बचाटा घेऊ. तोवर बसा तुम्ही.”

बचाटा घेतला. एकही टर्न नाही, नुसती बेसिक, गाण्यातल्या गिटारवर थोडा थांबा, परत बेसिक. मी दमलेली, तो ताजा, आणि नाच झकास झाला. दोघांपैकी एकाची झोप झाली असेल तर निभावतं, असा माझा अनुभव. खरं तर अर्धवट झोपेत संथ गाण्यावर एक मजाही असते, चेहऱ्याची, पोटाची, लोक काय म्हणतील याची काळजी करायला त्राणच उरत नाही. मात्र ती एखाद-दोन गाण्यांपुरती. तिसऱ्याला गुडघे बोलायला लागतात.

नवशिक्यांसाठी सोशलच्या आधी तासभर वर्ग असतो, तो रविवारचाच घ्या. गुरुवारचा वर्ग ८ चा सांगून साडेआठला सुरू होतो, ऑफिसातून आलेल्यांच्या डोक्यात काही शिरत नाही आणि मग जुने नाचणारे आंबट चेहऱ्याने नवीन मुलींबरोबर नाचतात. तो आंबटपणा बहुतेक वेळा निव्वळ झोपेचा असतो, पण नवीन मुलीला वाटतं आपलंच चुकलं. अशा दोघी-तिघी परत आल्याच नाहीत. सर, वाचत असाल तर गुरुवारचा वर्ग बंद करा किंवा सोशलच आठला सुरू करून साडेदहाला आटपा. डोंबिवली-कल्याणवाल्यांनाही शेवटच्या कर्जत लोकलच्या भरवशावर राहावं लागणार नाही.

बाकी तपशील: प्रवेश ४०० रुपये, वर्गासकट ६००, यूपीआय चालतं. फ्लोअर लाकडी आहे, पण कोपऱ्यात टाइल्स आहेत, तिथे नाचाच्या बुटांचे स्वेडचे, म्हणजे मऊ चामड्याचे, तळवे सटकतात. बूट बदलायला आडोसा नाही. स्टेशनहून शेअर रिक्षा मिळते, परतीला रात्री अकरानंतर मीटरवाल्यांशी हुज्जत. दुचाकी खाली लागते, चारचाकी आणू नका.