कोकणातल्या मतदार पाहणीसाठी कोबोटूलबॉक्स: घ्यावं, पण दोन गोष्टी आपण सांभाळून

रेंज नसली तरी काम थांबत नाही, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा कोकणात मतदारांची पाहणी करणाऱ्यांनी कोबोटूलबॉक्स हे मोबाइलवरच्या प्रश्नावलीचं साधन वापरावं. सकाळी तालुक्याच्या गावी मोबाइलवर कोरा फॉर्म उतरवून घेतला की संगमेश्वरच्या दऱ्यांत किंवा राजापूरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) दिवसभर मुलाखती भरता येतात, आणि संध्याकाळी वाय-फाय मिळालं की त्या सर्व्हरवर जातात. मूळ हार्वर्डच्या मानवतावादी उपक्रमातलं, ओडीके या मुक्तस्रोत प्रणालीवर उभं असलेलं हे साधन. लहान संस्थेला किंवा महाविद्यालयाच्या राज्यशास्त्र विभागाला मोफत खातं पुरतं. मात्र हे फॉर्म भरण्याचं साधन आहे. नमुना काढणं (कुणाला विचारायचं ते निवडणं) आणि मत गुप्त ठेवणं या दोन गोष्टी ते करून देत नाही, आणि कोकणातल्या पाहण्या नेमक्या याच दोन जागी फसतात.

आधी नमुना. मतदार यादीचा एक भाग, म्हणजे एका मतदान केंद्राची यादी घ्या. त्यात समजा ८४० नावं आहेत आणि तुम्हाला २० हवीत. ८४० भागिले २० म्हणजे ४२. १ ते ४२ मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा. १७ आला, तर १७, ५९, १०१ असे पुढे चला. इथे ही पद्धत सोडून चालत नाही, कारण इथलं गाव वाड्यांचं असतं. एकाच केंद्राखाली भंडारवाडी, बौद्धवाडी, गुरववाडी, खाली खाडीला कोळीवाडा, आणि बहुतेक वाड्या जातीनिहाय. पाहणी करणारा मुलगा रिक्षातून उतरून समोरच्या वाडीत शिरला आणि तिथेच दहा घरं करून परतला, तर ती गावाची पाहणी होत नाही, एका समाजाची होते. यादी साधारण वस्तीच्या क्रमाने असते, म्हणून ठरावीक अंतराने नावं उचलली की सगळ्या वाड्या आपोआप येतात. काढलेल्या नमुन्याची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल फॉर्मला जोडून ‘पुलडेटा’ हे त्यातून माहिती उचलणारं सूत्र वापरलं, तर अनुक्रमांक टाकताच वाडी आणि वयोगट पडद्यावर येतात, तेही नेटशिवाय. मतदाराचं नाव मात्र त्या फाइलमध्ये घालू नका. ते कागदावरच्या यादीत राहू द्या.

पुढचा प्रश्न चाकरमान्यांचा. यादीत नाव गावाला, माणूस परळला किंवा नालासोपाऱ्याला. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात तो घरी असतो, एरवी दाराला कुलूप. अशा वेळी ‘शेजारच्याला विचारून घे’ असं सांगणारा पर्यवेक्षक पाहणीचं सगळ्यात मोठं नुकसान करतो. शेजारी सापडतात ते म्हातारे, बायका आणि गावातच धंदा असलेले, त्यामुळे निकाल त्यांच्याकडे झुकतो. २० मुलाखती हव्या असतील तर सुरुवातीलाच ३५-४० नावं काढा आणि बदली माणूस कधीच घेऊ नका. फॉर्मचा पहिलाच प्रश्न ‘भेट झाली का?’ हा ठेवा आणि ‘नाही’ला वेगळी कारणं द्या: मुंबईला, बोटीवर, मयत, लग्न होऊन गेली, नकार, दोनदा जाऊनही कुलूप. ‘रेलेव्हंट’ची अट घातली की ‘नाही’ म्हटल्यावर पुढचे प्रश्न दिसत नाहीत आणि नोंद अर्ध्या मिनिटात बंद होते. घरच्यांना एवढंच विचारा, की तो मतदानाला गावी येणार आहे का. तो कुणाला मत देईल हे त्यांना विचारणं निरुपयोगी आहे. ही न भेटलेल्यांची नोंद आपोआप तारखेवेळेसह साठते, आणि आमच्या मते कोबोचा खरा फायदा इथेच आहे. कागदी फॉर्मवर ही पानं कुणी भरतच नाही.

हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथल्या मच्छीमारांसाठी वेळापत्रक वेगळं लागतं. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात बोटी किनाऱ्याला असतात तेव्हा ते भेटतात, पण तेव्हा पाऊस असतो. ओल्या पडद्यावर हाताचं बोट सरकून भलताच पर्याय निवडला जातो. एका पडद्यावर एकच प्रश्न ठेवा, आणि मोबाइल पारदर्शक पिशवीत.

भाषेची सोय उत्तम आहे. एकाच फॉर्ममध्ये मराठी आणि मालवणी असे दोन रकाने देता येतात, सिंधुदुर्गात तसे द्याच. ‘गेल्या इलेक्शनाक मत दिलास काय?’ हे छापील स्वरूपात समोर असलं की प्रत्येक जण आपापल्या मनाने भाषांतर करत नाही. राजापूर तालुक्यात आणखी एक काळजी घ्या: दारात ‘सर्वेक्षणाला आलोय’ म्हणू नका. बारसूला एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी झालेल्या माती परीक्षणाच्या वेळी लोक सड्यावर बसले होते. तिथे या शब्दाचा अर्थ जमिनीची मोजणी असाच घेतला जातो. ‘निवडणुकीबद्दल तुमचं मत विचारायला आलोय’ हे सरळ वाक्य पुरतं. त्याच कारणाने रिफायनरीचा किंवा महामार्गाचा प्रश्न मताच्या प्रश्नाच्या आधी विचारू नका, चिडलेला माणूस पुढचं उत्तर त्याच रागात देतो. आणि ‘महामार्ग व एसटी सेवेबद्दल समाधानी आहात का?’ असा जोडप्रश्न तर नकोच. एसटीवर खूश आणि रस्त्यावर वैतागलेला माणूस काय सांगणार?

‘रँडमाइज’ची, म्हणजे पर्यायांचा क्रम दर वेळी बदलण्याची सोय मुद्द्यांच्या यादीला वापरा, म्हणजे वरचा पर्याय उगाच जास्त निवडला जाणार नाही. उमेदवारांच्या यादीला ती लावू नका. मतदान यंत्रावर जो क्रम, तोच इथे, आणि ‘नोटा’ शेवटी.

मताची गुप्तता ही कोबोची कच्ची बाजू. मोबाइल मतदाराच्या हातात दिला तरी परत घेतल्यावर मागे सरकवून उत्तर पाहता येतं. ‘मागे जाणे’ सेटिंगमधून बंद होतं, पण ते संपूर्ण फॉर्मसाठी, मग झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात, आणि सरपंचाचा पुतण्या ओटीवर बसलेला असेल तर मतदार ‘अजून ठरवलं नाही’ म्हणून मोकळा होतो. यावर लोकनीती या दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेच्या निवडणूक-अभ्यास उपक्रमाच्या पाहण्यांतली जुनी पद्धतच चांगली: चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका आणि बंद पेटी. पत्रिकेवर फक्त मुलाखतीचा क्रमांक घाला आणि उत्तर रात्री कार्यालयात जोडा. काम वाढतं, तरी करा.

तपासणीसाठी ‘बॅकग्राउंड ऑडिओ’, म्हणजे मुलाखत चालू असताना मागे होणारं ध्वनिमुद्रण आहे. ‘व्हॉइस-ओन्ली’ दर्जावर तासाला साधारण ५ एमबी लागतात, म्हणजे वीस मिनिटांच्या ६०० मुलाखतींना सुमारे १ जीबी. मोफत खात्यावर जागा कमी पडू शकते, तेव्हा निवडक मुलाखतीच रेकॉर्ड करा, आणि मतदाराला आधी सांगून. जीपीएस नारळी-पोफळीच्या बागांत पाच मीटर अचूकतेसाठी ताटकळत ठेवतं. मर्यादा वीस मीटर करा आणि नोंद घराची न घेता वाडीच्या तोंडाशी घ्या, राजकीय मताशेजारी घराचा नकाशा साठवणं धोक्याचं आहे. पंचवीस प्रश्न सात मिनिटांत उरकलेले दिसले तर ती मुलाखत ‘होल्ड’वर टाकून फोन करा. दहापैकी एकीची पुन्हा खात्री हवीच.

काम बुडवणाऱ्या चुका दोनच. न पाठवलेले फॉर्म असताना ॲप काढून टाकलं, तर फॉर्म गेले. आणि पाहणी चालू असताना पर्यायांचे संकेत (कोड) बदलून फॉर्म पुन्हा चढवला, तर निम्मी मुलं जुन्या आवृत्तीवर राहतात, मग एकच उत्तर दोन संकेतांत विखुरतं. कोबोकलेक्ट ॲप फक्त अँड्रॉइडवर आहे. आयफोनवर वेब फॉर्म चालतो, पण ब्राउझरचा साठा पुसला की सगळं पुसलं.

कोबोचे रंगीत आलेख जसेच्या तसे कुणाला दाखवू नका, ते भारांकन न केलेले आकडे असतात, म्हणजे नमुन्यातल्या गटांचं प्रमाण मतदारांमधल्या प्रमाणाशी जुळवलेलं नसतं. स्त्री-पुरुष आणि वयोगटाचं भारांकन बाहेर, एक्सेल किंवा आर या संख्याशास्त्राच्या प्रणालीत करावं लागतं. ३० केंद्रं गुणिले २० असे ६०० नमुने घेतले तर त्रुटीची मर्यादा (निकाल खऱ्या आकड्याच्या किती इकडेतिकडे असू शकतो ती) कागदावर ±४ टक्के. पण एकाच केंद्रातली माणसं एकसारखा विचार करतात, त्यामुळे ती सहज साडेपाच-सहावर जाते. रायगड लोकसभेत २०१४ ला अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं, म्हणजे झालेल्या मतदानाच्या पाव टक्क्याच्याही आत. तिथे कुठल्याही साधनाने ‘अमुक जिंकणार’ म्हणता आलं नसतं. ‘लढत अटीतटीची’ एवढंच प्रामाणिक उत्तर होतं.